लिनक्स वाटायचंय, पण कशावर? वाटपाच्या प्रकल्प नोंदी

१२ जुलै २०२५

आज संध्याकाळी आमच्या लिनक्स ग्रुपचे सगळे बसलो आणि एकदाचं ठरलं. (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी बसवता येणारी, मोफत आणि खुली ऑपरेटिंग सिस्टिम.) २० सप्टेंबरला सॉफ्टवेअर फ्रीडम डे आहे, दरवर्षी सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी असतो तो, तर यंदा नुसती भाषणं आणि चहा-बिस्किटं नकोत, येईल त्याच्या हातात इन्स्टॉल करता येईल अशी वस्तू द्यायची. फुकट. वेळही तशीच आहे. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपतोय, विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे २०१५-१६ साली हप्त्यावर घेतलेले घरोघरचे लॅपटॉप, जे अजून ठणठणीत आहेत, ते कागदोपत्री बाद. वर्षभर वाढीव सिक्युरिटी अपडेट मिळायची सोय केलेली आहे, ती लोकांना सांगायचीच, लपवायची नाही. पण वर्षाने प्रश्न परत तिथेच येणार.

जुन्या मंडळींनी लगेच शिपइटची आठवण काढली. नवीन पोरांसाठी लिहून ठेवतो, कॅनॉनिकल कंपनी तिच्या उबुंटू या लिनक्सच्या सीडी जगात कुठेही फुकट पोस्टाने पाठवायची, पत्ता भरायचा आणि काही आठवड्यांनी पुठ्ठ्याच्या पाकिटात सीडी दारात. २०११ च्या एप्रिलमध्ये ते बंद झालं. लिनक्स फॉर यू मासिकाबरोबर पण सीडी, नंतर डीव्हीडी यायची. माझ्या वयाच्या कितीतरी जणांचं पहिलं लिनक्स असंच आलं, कारण तेव्हा ७०० एमबी उतरवायचे म्हणजे महिन्याचा ब्रॉडबँडचा कोटा एका रात्रीत खलास व्हायचा.

आता मोबाईलवरच रोजचे दीड-दोन जीबी मिळतात, मग वस्तू कशाला द्यायची असं एकाने विचारलं, आणि प्रश्न रास्त आहे. माझं म्हणणं असं की आता डाउनलोडवर कोणी अडत नाही, लोक अडतात ते त्याच्या पुढच्या पायरीवर. आयएसओ फाईल (आख्ख्या डिस्कची एका फाईलमधली इमेज) पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट करायची, लॅपटॉप चालू करायचा, काहीच होत नाही, आणि मग "लिनक्स आपल्याकडे चालत नाही" असं म्हणून विषय संपतो. ही एक पायरी आपण करून दिली तरी खूप झालं.

पुढच्या शनिवारी माध्यम ठरवायचं.

१९ जुलै

आधी डिस्ट्रो (उबुंटू, मिंट, डेबियन असा लिनक्सचा प्रकार) ठरवायचा की आधी माध्यम यावर बराच वेळ गेला. शेवटी ताईंनी, त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाल्या, आधी घेणारं कोण आहे ते लिहा रे. बरोबर आहे. मग बोर्डावर लिहिलं. एक, घरचा एकुलता एक लॅपटॉप, आई-वडील बँकेचं आणि लाईटबिलाचं बघतात, पोरगं अभ्यास करतं. दोन, शाळा आणि कॉम्प्युटर क्लासमधले जुने डेस्कटॉप, जिथे नेट कधी असतं कधी नसतं. तीन, इंजिनिअरिंगची मुलं. तिसऱ्यांना वस्तू द्यायची गरजच नाही, त्यांना त्यांचाच पेनड्राइव्ह भरून द्यायचा, आणि कसा भरायचा ते दाखवायचं.

मग डीव्हीडीचा विषय निघाला आणि तिथे दोन तट पडले. डीव्हीडीच्या बाजूने बोलणारे काका, त्यांचा अनेक वर्षं एमएस-सीआयटीचा क्लास होता, त्यांचा मुद्दा मला पटतो: डीव्हीडी वीस रुपयांच्या आत पडते, एकदा बर्न केली की त्यावर कोणी काही बदलू शकत नाही, व्हायरस चढत नाही, कोणी चुकून फॉरमॅट मारत नाही, कपाटात राहते. पेनड्राइव्हवर आज लिनक्स, उद्या लग्नाचे फोटो.

विरुद्ध बाजू पण खरीच. गेल्या दहाएक वर्षांत आलेल्या बहुतेक लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्हच नाही. आणि साईज. साध्या एका थराच्या डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतात, उबुंटू २४.०४ ची डेस्कटॉप आयएसओ सहा जीबीच्या आसपास गेलीय, म्हणजे तो विषयच बाद. दोन थरांची ८.५ जीबीवाली डिस्क मिळते पण महाग, आणि जुने ड्राइव्ह ती वाचताना कुरकुर करतात. मिंट मात्र तीन जीबीच्या आत आहे, ते आरामात बसतं.

पण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे. लाईव्ह सेशन, म्हणजे इन्स्टॉल न करता डिस्कवरूनच लिनक्स चालवणं, डीव्हीडीवरून करून बघा एकदा. फायरफॉक्सवर क्लिक केलं की डिस्क घरघर करत फिरते, हेड इकडून तिकडे पळतं, आणि विंडो उघडेपर्यंत माणूस चहा ठेवून येतो. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा लिनक्स बघितलंय त्याचं मत त्या दोन मिनिटांत होतं. इन्स्टॉल झाल्यावर तेच मशीन किती फास्ट होतं हे बघायला तो थांबतच नाही.

एकाने मायक्रोएसडी कार्ड सुचवलं, स्वस्त आणि पाकिटात मावतं म्हणून. बऱ्याच लॅपटॉपचं बायोस (मशीन सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) आतल्या कार्ड रीडरवरून बूटच करत नाही, म्हणजे तिथून मशीन सुरूच होत नाही, त्यामुळे नाही.

निर्णय: घरच्या लॅपटॉपसाठी पेनड्राइव्ह. शाळा आणि क्लाससाठी थोड्या डीव्हीडी, पण त्या लाईव्ह चालवायला नाहीत, थेट इन्स्टॉलला. विद्यार्थ्यांसाठी कॉपी काउंटर.

२७ जुलै

पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, चक्कर. पाऊस, चिखल, आणि रविवार असून गर्दी. आठ जीबी आणि सोळा जीबीच्या भावात फारसा फरक राहिलेला नाही, दोन्ही तीनशेच्या आसपास, घाऊक घेतले तर थोडे खाली. चार जीबी आता कोणी ठेवतच नाही.

दुकानदार राइट स्पीड सांगतात, आपल्याला हवाय रीड स्पीड. लिहिण्याचं काम आपण एकदाच करणार, रात्रभर लागली तरी लागू दे, पण ज्याच्या घरी तो लागणार तिथे वाचायचा वेग महत्त्वाचा, डीव्हीडीवाली कथा परत नको. दोन-तीन प्रकारचे नमुन्याला एक-एक आणलेत. यूएसबी ३ वाले थोडे महाग आहेत पण वाचताना जमीन-अस्मानाचा फरक पडतो, बजेटमध्ये बसतात का बघू.

शरीर धातूचं, टोपण नसलेलं घ्यायचं असं ठरवलंय. टोपण हरवतं आणि प्लास्टिकचे सरकते पेनड्राइव्ह पोर्टात घालताना मागे सरकतात.

२ ऑगस्ट

नमुने तपासले. याच्यासाठी एफ३ नावाचं टूल आहे, स्वतः ओपन सोर्स, डेबियन-उबुंटूच्या रिपॉझिटरीत मिळतं. करतं काय तर पेनड्राइव्ह पूर्ण भरेपर्यंत त्यावर ठराविक डेटा लिहितं आणि मग परत वाचून जुळतो का बघतं. कारण बाजारात असे पेनड्राइव्ह फिरत असतात ज्यांचा कंट्रोलर खोटं बोलतो, कॉम्प्युटरला सांगतो मी ६४ जीबीचा आणि आत चिप असते आठची. लिहिताना कुठलीही एरर येत नाही, हे त्यातलं वाईट. आठच्या पुढचं सगळं हवेत जातं किंवा आधीच्यावरच लिहिलं जातं.

आमच्या नमुन्यांतला एक तसाच निघाला. वर नामांकित कंपनीचा शिक्का, पॅकिंग व्यवस्थित, होलोग्राम सुद्धा. एफ३ ने पहिल्या काही जीबीनंतर सगळं करप्ट दाखवलं. दुकानात परत नेला, दुकानदाराने दुसरा न बोलता दिला, पण मोठी ऑर्डर तिथे द्यायची नाही. नमुना घेतल्याचा फायदा हाच.

यावरून नियम केला: वाटपाला जाणारा प्रत्येक पेनड्राइव्ह, प्रत्येक म्हणजे प्रत्येक, आधी एफ३ मधून जाणार. वेळखाऊ आहे, मान्य. पण तीन जीबीची इमेज आठ जीबीच्या खऱ्या चिपवर बसून आज चालेल, आणि घेणारा नंतर त्यावर स्वतःचे फोटो ठेवेल तेव्हा ते जातील. आपण दिलेल्या वस्तूने कोणाच्या घरचे फोटो गेले तर ते आपल्यावरच आहे.

१० ऑगस्ट

काल डेबियन १३ ट्रिक्सी आलं. आनंद आहेच, पण आमच्या कामावर एक थेट परिणाम झालाय, ३२ बिट मशीनसाठीचा इन्स्टॉलर या आवृत्तीपासून नाही. ताईंच्या शाळेत दोन जुनी मशीन ३२ बिटवाली आहेत, त्यांच्यासाठी डेबियन १२ ची आय३८६ (३२ बिटवाली) डीव्हीडीच ठेवायची, त्याचा एलटीएस, म्हणजे लांब मुदतीचा, सपोर्ट जून २०२८ पर्यंत आहे, तोवर ती मशीन चालली तरी पुष्कळ.

बाकी शाळांच्या डीव्हीडीसाठी डेबियन १३ ची डीव्हीडी-१. नेटइन्स्ट नाही! हा मुद्दा पोरांना समजावून सांगावा लागला. नेटइन्स्ट छोटी आहे, एक जीबीच्या आत, सगळ्यांना आवडते, पण ती बाकीचं सगळं नेटवरून ओढते. जिथे नेट नाही तिथे तिचा उपयोग काय? डीव्हीडी-१ मध्ये डेस्कटॉप, लिबरऑफिस, ब्राउझर सगळं डिस्कवरच असतं, नेटची वायर न लावता आख्खी लॅब उभी राहते. शिवाय डेबियन १२ पासून वाय-फाय वगैरेचं नॉन-फ्री फर्मवेअर (हार्डवेअर चालवणारं, पण खुलं नसलेलं सॉफ्टवेअर) अधिकृत इमेजमध्येच यायला लागलंय, आधी ते वेगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन फिरावं लागायचं. तत्त्वाच्या दृष्टीने काही जणांना ते खटकतं, मला त्यांचं म्हणणं समजतं, पण शाळेत जाऊन वाय-फाय चालत नाही म्हणून सांगून परत येण्यापेक्षा हे बरं.

घरच्या लॅपटॉपसाठी मिंट. उबुंटू २४.०४ वर आधारलेलं, एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट, विंडोजमधून आलेल्या माणसाला मेनू कुठे आहे ते विचारावं लागत नाही.

१६ ऑगस्ट

आजचा वाद सगळ्यात लांबला आणि तो व्हायलाच हवा होता. पेनड्राइव्हवर इमेज टाकायची कशी.

ग्रुपमधल्या तरुण मंडळींचं मत व्हेंटॉयच्या बाजूने. व्हेंटॉय म्हणजे पेनड्राइव्हवर एकदा ते बसवायचं, मग हव्या तेवढ्या आयएसओ फाईली नुसत्या कॉपी करायच्या, बूट करताना मेनू येतो, त्यातून निवडा. मिंट, डेबियन, फेडोरा, झोरिन, सगळं एकात. उरलेल्या जागेत आपल्या फाईली पण ठेवता येतात. मी स्वतः रोज वापरतो आणि आम्हा कार्यकर्त्यांच्या खिशात तोच असणार.

पण वाटायला नको, असं माझं मत आहे आणि मी ते लावून धरलं. पहिलं कारण सिक्युअर बूट, म्हणजे मान्य सही नसलेलं काही मशीनवर सुरू होऊ न देणारी सोय. ते चालू असलेल्या मशीनवर व्हेंटॉय पहिल्यांदा लावलं की निळा स्क्रीन येतो, त्यात जाऊन की एनरोल करावी लागते, मग रीबूट, मग मेनू. आपल्याला ते दहा सेकंदांचं काम, पण घरी एकट्या बसलेल्या माणसाला निळा स्क्रीन म्हणजे लॅपटॉप गेला. मिंटची इमेज सरळ टाकली तर शिम (बूट होताना आधी चालणारा छोटा प्रोग्राम) सही केलेलं असतं, सिक्युअर बूट बंद न करता बूट होतं. दुसरं कारण मेनू. ज्याला लिनक्स म्हणजे काय हेच आज कळलंय त्याच्यासमोर सहा नावं ठेवली की तो त्यातलं एकही घेत नाही, साडीच्या दुकानात गादीवर पन्नास साड्या उलगडल्या की "नंतर येते" म्हणून बाई उठते तसं. एक नाव, एक पेनड्राइव्ह. निवड आपण केली आहे आणि त्याची जबाबदारी पण आपली.

मधला पर्याय एकाने मांडला तो चांगला होता. पेनड्राइव्ह फॅट३२ करायचा आणि आयएसओच्या आतल्या फाईली त्यावर उघडून ठेवायच्या. यूएफआय (बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत) असलेलं मशीन त्यावरून बूट होतं, एकच फाईल चार जीबीच्या वर नसली म्हणजे झालं, आणि मिंटची नाहीये. फायदा असा की विंडोजमध्ये लावला तर तो नेहमीच्या पेनड्राइव्हसारखा दिसतो, मराठी माहितीची पीडीएफ पण ठेवता येते. अडचण जुन्या बायोसची, तिथे बूटलोडर वेगळा बसवावा लागतो, आणि आपल्याकडे येणारी मशीन नेमकी सगळ्या वयाची आहेत.

त्यामुळे साधं डीडी, लिनक्समधली कॉपीची कमांड. इमेज जशीच्या तशी, बाइट टू बाइट. जुन्या बायोसवर पण उठतं, यूएफआयवर पण, आणि बरोबर लिहिलं गेलं की नाही हे मूळ फाईलशी जुळवून शंभर टक्के सांगता येतं.

डीडीचा एक धोका मात्र खरा आहे, तो आज तिथेच करून बघितला. इमेज टाकलेला पेनड्राइव्ह चालू विंडोजमध्ये लावला. लगेच खिडकी: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? आणि निळं ठळक बटन फॉरमॅटचं. दहातले किती लोक ते दाबतील? मला वाटतं बरेच, कारण कॉम्प्युटरने विचारलं की हो म्हणायची सवय लागलेली असते. तर पेनड्राइव्हबरोबर द्यायच्या सूचनांच्या कार्डावर सगळ्यात पहिली ओळ हीच हवी. दुसरी कुठलीही नाही, हीच.

२४ ऑगस्ट

लायसन्सचं काम. हे कंटाळवाणं वाटतं पण फुकट वाटतोय म्हणून यातून सुटका नाही.

डाउनलोडची लिंक देणं वेगळं आणि बायनरी (चालवायला तयार प्रोग्राम) हातात देणं वेगळं. आपण पेनड्राइव्ह दिला म्हणजे आपण वितरक झालो, आणि जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअरच्या लायसन्सच्या आवृत्ती २ चं कलम ३ सांगतं की बायनरी दिली तर सोबत सोर्स (मूळ कोड) द्या, किंवा किमान तीन वर्षं चालेल असं लेखी आश्वासन द्या की मागाल तेव्हा सोर्स देऊ. बिनव्यापारी वाटपासाठी आणखी एक सवलत आहे, तुम्हाला जे लेखी आश्वासन मिळालं तेच पुढे द्या, पण आपण तर नेटवरून उतरवलंय, आपल्याला असं लेखी काही मिळालेलंच नाही, मग पुढे देणार काय? आवृत्ती ३ मध्ये कलम ६ आहे, तिथे शब्द वेगळे पण वस्तूवर वाटप असेल तर गोष्ट साधारण तीच. कोणी कोर्टात खेचणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे. तरी करायचं, कारण ज्या हक्कामुळे आपण हे वाटू शकतोय तो पुढच्या माणसापर्यंत पोचवणं एवढीच तर त्या लायसन्सची अट आहे.

डेबियनचं सोपं आहे, ते सोर्सच्या वेगळ्या डीव्हीडी इमेज त्याच आवृत्तीच्या प्रसिद्ध करतात, त्या उतरवून ठेवल्या. मिंटसाठी इमेजमधल्या पॅकेजची यादी घेऊन एकेकाचा सोर्स ओढणारी स्क्रिप्ट एका मुलीने लिहिली, आज रात्री चालू ठेवलीय. सगळं एका हार्ड डिस्कवर, त्याची एक कॉपी दुसऱ्याच्या घरी. कार्डाच्या मागच्या बाजूला लेखी आश्वासन मराठीत आणि इंग्रजीत, सप्टेंबर २०२८ पर्यंत. संपर्काला ग्रुपचा ईमेल, कोणा एकाचा नंबर नको, माणसं गाव बदलतात.

लोगोचं पण बघितलं. डेबियनचा भोवऱ्यासारखा लोगो, तो ओपन यूजवाला, वापरायला खुला आहे. मिंटच्या बाबतीत इमेजमध्ये काहीही बदल करायचा नाही, जशी आहे तशीच द्यायची. कोणीतरी वॉलपेपरवर आपल्या ग्रुपचं नाव टाकू म्हणालं होतं, ते रद्द. हाताळलेली इमेज म्हणजे घेणाऱ्याला मूळ साईटवर जाऊन चेकसम (फाईल तीच आहे का ते सांगणारा आकडा) जुळवायची सोय राहत नाही, आणि ती सोय कोणत्याही वॉलपेपरपेक्षा मोठी आहे.

३१ ऑगस्ट

गणपती. २७ ला बसले, पेठांमध्ये गाडी घालायची सोय नाही, मोठी ऑर्डर आधीच घेऊन ठेवली ते बरं. एफ३ घरोघरी चालू आहे, आरती एकीकडे आणि पेनड्राइव्हचा दिवा एकीकडे लुकलुकतोय.

७ सप्टेंबर

काल विसर्जन, आज काम. आणि मिंट २२.२ झारा ४ तारखेला आलं. आतापर्यंत एकही पेनड्राइव्ह २२.१ ने भरला नव्हता, मुद्दामच थांबलो होतो, कारण ही आवृत्ती येणार हे दिसत होतं. नवीन कर्नल असल्यामुळे नव्या लॅपटॉपचं वाय-फाय चालायची शक्यता वाढते.

शिळी इमेज वाटणं हा खरा प्रश्न आहे, नुसतं अपडेट जास्त येतात एवढंच नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने जुनी शिम नाकारायला सुरुवात केली आणि अनेकांचे जुने लिनक्सचे पेनड्राइव्ह-डीव्हीडी सिक्युअर बूटवाल्या मशीनवर एकदम उठेनासे झाले, स्क्रीनवर फक्त सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन आणि मशीन बंद. म्हणजे गेल्या वर्षीची उरलेली डीव्हीडी प्रेमाने कोणाला द्यायची आणि ती त्याच्या मशीनवर उठायचीच नाही. म्हणून प्रत्येक वस्तूवर महिना-वर्ष ठळक छापायचं आणि "वर्ष उलटलं असेल तर आमच्याकडे आणा, नवीन भरून देऊ" असं लिहायचं. काकांना डीव्हीडी कपाटात टिकते याचं कौतुक होतं, आज ते स्वतःच म्हणाले की टिकून उपयोग नाही, ताजं असलं पाहिजे. त्यामुळे डीव्हीडी मागणीप्रमाणेच बर्न करायच्या, गठ्ठा करून ठेवायचा नाही. स्पीड ८ एक्सच्या वर न्यायचा नाही, जुन्या ड्राइव्हना सावकाश लिहिलेली डिस्क वाचायला सोपी जाते हा काकांचा अनुभव आहे आणि त्यांनी आयुष्यात बर्न केल्यात त्याच्या पासंगालाही आम्ही पुरणार नाही.

इमेज उतरवली, चेकसम जुळवला, आणि चेकसमच्या फाईलवरची जीपीजी सही (बनवणाऱ्यांची डिजिटल सही) पण तपासली. नवीन पोरांना हे जास्तीचं वाटलं. त्यांना २०१६ च्या फेब्रुवारीची गोष्ट सांगितली, मिंटची साईट हॅक झाली होती आणि डाउनलोडची लिंक बदलून मागचं दार ठेवलेली आयएसओ लोकांना दिली गेली. साईटवरच हल्ला झाला तर साईटवरचा चेकसम काय कामाचा, सही लागतेच. आपल्याकडून घेणारा यातलं काहीही करणार नाही, तो आपल्यावर विश्वास ठेवून लावणार, म्हणून त्याच्या वाटचं आपण करायचं.

कॉपीची पद्धत लिहून ठेवतो, पुढच्या वर्षी लागेल. मोठा यूएसबी ३ हब आणून एकाच लॅपटॉपला दहा पेनड्राइव्ह लावायचा बेत होता, त्याने वेळ वाचत नाही. पेनड्राइव्ह यूएसबी २ चे असले की हब कितीही भारी असू दे, ते सगळे मिळून त्या एकाच ४८० मेगाबिटच्या रस्त्यावर येतात. त्यापेक्षा चार-पाच जुने लॅपटॉप मांडून प्रत्येकाला दोन-तीन लावले की काम झपाझप होतं. स्वस्त पेनड्राइव्हचा लिहायचा वेग सेकंदाला सहा एमबी धरला तर एकाला आठ मिनिटं जातात. यूएसबी ३ वाले बजेटमध्ये निम्मेच बसले, ते जास्त लवकर होतात.

आणि तपासणी. लिहून झाल्यावर लगेच वाचून जुळवलं तर लिनक्स ते रॅममधूनच देऊ शकतं, सगळं बरोबर आहे असं वाटतं आणि चिपवर मात्र गडबड. म्हणून पेनड्राइव्ह काढायचा, परत लावायचा, मग सीएमपी कमांडने आयएसओच्या साईजइतकेच बाइट जुळवायचे, कारण त्यापुढची जागा वेगळीच असणार. जुळला की हिरवा ठिपका चिकटवायचा. ठिपका नाही तर टेबलावर जायचा नाही.

१४ सप्टेंबर

कार्डाची परीक्षा. शेजारच्या काकूंना बोलावलं होतं, त्या शिवणक्लास चालवतात, हिशोब आणि यूट्यूब एवढा लॅपटॉपशी संबंध. त्यांचाच लॅपटॉप, हातात पेनड्राइव्ह आणि कार्डाचा मसुदा, आणि आम्ही तोंड मिटून मागे बसलो, हे आधी ठरवलं होतं.

पहिली ओळ त्यांनी मोठ्याने वाचली, "विंडोज चालू असताना हा लावला तर फॉरमॅट विचारेल, कॅन्सल दाबा." छान. मग "लॅपटॉप चालू करून लगेच बूटची की दाबा" इथे गाडी थांबली. लगेच म्हणजे कधी? त्यांनी बटन दाबलं, थांबल्या, कंपनीचं चिन्ह आलं, गेलं, विंडोज आलं. परत तेच. मग त्यांनीच विचार करून चालू करायच्या बटनानंतर दुसऱ्या हाताने ती की टकटक टकटक दाबत ठेवली आणि मेनू आला. कार्डावर आता तसंच लिहिलंय: चालू करताक्षणी की पुन्हा पुन्हा दाबत राहा, मेनू दिसेपर्यंत. कीजचा तक्ता पण बदलला. आधी एफ१२ सगळ्यात वर होतं आणि बाकीचं बारीक अक्षरात, आता कंपनीप्रमाणे: डेल आणि लेनोवो एफ१२, एचपी आधी एस्केप मग एफ९, असुस लॅपटॉप एस्केप, एसरला एफ१२ पण ते आधी बायोसमध्ये चालू करावं लागतं.

पुढे मिंटचा डेस्कटॉप आला तेव्हा काकूंनी विचारलं, माझं जुनं सगळं गेलं का? हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येणार आणि आमच्या मसुद्यात त्याचं उत्तर नव्हतंच. आता मोठ्या अक्षरात: "हे फक्त बघण्यासाठी आहे. तुमच्या फाईली जिथल्या तिथे आहेत. इन्स्टॉल लिहिलेल्या चिन्हावर जाईपर्यंत काहीही पुसलं जात नाही." आणि त्याखाली, इन्स्टॉल करण्याआधी फोटो-कागदपत्रांची कॉपी दुसरीकडे घ्या, बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा. बिटलॉकरचं तर न चुकता, बायोसमध्ये काही हलवलं की ते की मागतं आणि ती कुठे आहे हे बहुतेकांना माहीतच नसतं.

माहितीची पीडीएफ ठेवायची, की क्यूआर कोड, की कागद, या प्रश्नाचं उत्तर आज समोर बघितलं. ज्याचा एकमेव कॉम्प्युटर आत्ता इन्स्टॉलच्या मध्यावर आहे त्याला कागदच वाचता येतो. क्यूआर कोपऱ्यात ठेवलाय, मोबाईल असेल त्यांच्यासाठी.

मराठी कीबोर्डच्या दोन ओळी पण वाढवल्या, इनस्क्रिप्ट आणि कागप फोनेटिक दोन्ही आत आहेत, फक्त सेटिंगमध्ये जाऊन जोडायचे. मराठी भाषेचे पूर्ण पॅक नेट लावल्यावर उतरवायचे.

२० सप्टेंबर

झालं. दमलोय, थोडक्यात लिहितो.

सकाळी पावसाने जोर धरला होता तरी लोक आले. पेनड्राइव्ह टेबलावर ढीग करून ठेवले नाहीत, आधी मशीनबद्दल दोन प्रश्न विचारायचे, मग तिथेच त्यांच्या लॅपटॉपवर बूट करून दाखवायचं आणि मग हातात द्यायचा. लॅपटॉप न आणलेल्यांना कार्ड आणि पुढच्या रविवारची वेळ. काही जण नाराज झाले की फुकट म्हणालात आणि देत नाही. पण बूट होताना न बघता नेलेला पेनड्राइव्ह घरी गेल्यावर फक्त पेनड्राइव्हच होतो, हे माझं ठाम मत आहे.

कॉपी काउंटरला सगळ्यात जास्त गर्दी, मुलं स्वतःचे घेऊन आली आणि दुपारनंतर तीच मुलं दुसऱ्यांचे भरून देत होती. त्यांना डीडीमध्ये कुठली डिस्क लिहितोय ते दोनदा बघायला लावलं, उलटं झालं तर लॅपटॉपची हार्ड डिस्कच पुसली जाते, तिथे माणूस उभा ठेवलाच पाहिजे.

डीव्हीडी फक्त ताई आणि आणखी एका क्लासवाल्यांनी घेतल्या. काकांनी तिथेच बसून बर्न करून दिल्या, डेबियन १३ च्या आणि ३२ बिटवाली १२ ची.

५ ऑक्टोबर

ताईंचा फोन. शाळेतली लॅब डीव्हीडीवरून उभी राहिली, नेट नसताना. एका मशीनचा ड्राइव्ह डिस्क वाचत नव्हता, तो दुसऱ्या मशीनमधला काढून लावला आणि काम झालं. ३२ बिटवाल्या दोनपैकी एकावर डेस्कटॉप जड जातोय, त्यावर एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप टाकून बघायला सांगितलंय, दसऱ्याची सुट्टी संपली की आमच्यातलं कोणीतरी जाईल.

तिघं-चौघं पेनड्राइव्ह परत घेऊन आले, इन्स्टॉल झालं, आता दुसऱ्या कोणाला द्या म्हणाले. ते पुसून, परत जुळवून, नवा ठिपका लावून ठेवले. दुसऱ्या दोघांनी त्यांच्यावर आधीच गाणी भरलीत, भरू देत, मिंट त्यांच्या लॅपटॉपवर चढलंय.

१४ तारखेनंतर फोन वाढणार. त्यासाठी दिवाळीपर्यंत दर रविवारी दोघांनी बसायचं, पाळ्या लावल्यात. पेनड्राइव्ह कमी पडले तर यूएसबी ३ वालेच घ्यायचे, आणि कार्डाच्या आणखी प्रती छापायला आजच टाकायच्या, दिवाळीच्या आधी प्रेसवाले हातात सापडत नाहीत.